प्रति: वनड्राइव्ह असताना वेगळा बॅकअप कशाला?

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू आहे म्हणजे बॅकअप झालाच, असं या चर्चेत वर दोघांनी म्हटलंय. तसं नाही, तो सिंक आहे, म्हणजे कॉम्प्युटर आणि ऑनलाइन दोन्हीकडे फाइली सारख्याच ठेवणं. इथली फाइल उडवली की तिथलीही उडते; वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात ती रिसायकल बिनमध्ये ३० दिवस सापडते, मग गेली. शिवाय एसएसडी (कॉम्प्युटरच्या आतली डिस्क) बंद पडली तर विंडोज आणि प्रोग्रॅम त्यातून परत येत नाहीत. त्यासाठी पूर्ण डिस्कची इमेजच, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची जशीच्या तशी प्रत हवी.

अशी इमेज घेणाऱ्या मॅक्रियम या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती बंद झाल्यापासून घरच्या वापरासाठी मी व्हीम एजंट या दुसऱ्या बॅकअप प्रोग्रॅमची मोफत आवृत्तीच सुचवतो. त्यात 'एन्टायर कॉम्प्युटर' निवडा. बॅकअपसाठीची बाहेरची डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा (फॉरमॅट केल्यावर तिच्यावरचं सगळं पुसलं जातं), कारण एफएटी३२ या दुसऱ्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. डिस्क जोडली की बॅकअप सुरू आणि संपला की इजेक्ट, असे दोन्ही पर्याय शेड्यूलमध्ये आहेत. ते नक्की लावा. इजेक्ट झाल्यावर केबलही काढा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) मूळ फाइलींसोबतच लॉक करू शकतं.

खरी गोची रिकव्हरी पेनड्राइव्हची, म्हणजे विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा ज्यावरून कॉम्प्युटर चालू करून बॅकअप परत आणायचा त्याची. तो व्हीममधून बनवताना या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) घ्यायच्या पर्यायावर टिक हवीच. काही इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं. त्याचा ड्रायव्हर नसला तर आतली एसएसडी रिकव्हरीत दिसतच नाही आणि माणूस हबकतो. म्हणून आजच त्या पेनड्राइव्हवरून बूट करून डिस्क आणि बॅकअप दोन्ही दिसतात का ते पाहा, रिस्टोअर न करता बाहेर पडा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की (किल्ली) कागदावर लिहून ठेवा.