मदत हवी आहे: गर्भपातासाठी हॉस्पिटलवाले नवऱ्याची सही मागतायत
माझ्या मावसबहिणीला नववा आठवडा चालूये, पहिलं बाळ दीड वर्षाचं, सिझरचे टाके अजून दुखतात तिचे, तिला आत्ता दुसरं नकोच आहे. काल एका खाजगी हॉस्पिटलात गेलो तर काउंटरवरूनच फॉर्म परत सरकवला, म्हणे मिस्टरांची सही आणा. मिस्टर दोन महिने फोन उचलत नाहीत, सही आणायची कुठून?? १९७१ च्या गर्भपात कायद्यात अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, २०२२ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. शरीर तिचं, त्रास तिला, मग सही दुसऱ्याची का? सरकारी दवाखान्यात पण असंच अडवतात का? नकार लेखी मागितला तर देतात का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, रात्रभर झोपली नाहीये ती.