फोंडा: ८ × ७ फुटांचं स्वयंपाकघर, समोरासमोर दोन दारं. ओटा कसा मांडावा?

फोंड्याची_सुगरण

नमस्कार मंडळी. दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट आहे. स्वयंपाकघर आतून ८ फूट लांब, ७ फूट रुंद. पूर्वेच्या भिंतीत मधोमध आत यायचं अडीच फुटी दार, बरोबर समोर पश्चिमेला तेवढंच बाल्कनीचं दार. उत्तरेची भिंत बाहेरची, चिऱ्याची (जांभ्या दगडाची). तिच्यात बाल्कनीकडून १ फूट सोडून ३ फुटी खिडकी आहे. दक्षिणेच्या भिंतीपलीकडे बेडरूम. सध्या उत्तरेला एकच ओटा, २८ इंच उंच, कडप्प्याचा. दक्षिणेला फ्रिज, आणि डबे सगळे जमिनीवर.

मॉड्युलर किचनवाल्याने एल आकाराचा ओटा काढून दिलाय. त्यासाठी बाल्कनीचं दार कडेला सरकवायचं आणि कपाटं पार्टिकल बोर्डची (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड). घरात दोघी रांधतो: मी ५ फूट २ इंच, सासूबाई ४ फूट ११. नुस्तं (मासे) घरीच साफ होतं, नारळ रोज लागतो, पुरुमेंताला (पावसाळ्यासाठी साठवायच्या जिन्नसांना) जागा हवी. पावसाआधी काम उरकायचं आहे. एल करावा का? आणि पार्टिकल बोर्ड चालेल का?

मापपट्टी

ताई, एल करू नका. तुमच्या खोलीला दोन्ही आखूड भिंतींत मधोमध दारं आहेत, म्हणजे एलचा कोपरा कुठेही वळवला तरी एक दार अडतं. दार सरकवायचं म्हणजे चिरे काढा, नवीन लिंटेल (दारावरची आडवी तुळई) घाला, बाल्कनीचा उंबरा आणि तिथलं वॉटरप्रूफिंग पुन्हा करा. एवढं करून हाती काय येतं, तर हात न पोहोचणारा एक कोपरा.

समोरासमोर दोन ओटे घ्या. रुंदी ८४ इंच. उत्तरेचा ओटा २४ इंच खोल, दक्षिणेचा १८ इंच. मध्ये ४२ इंच राहतात. दोघींना पाठीला पाठ लावून काम करायला एवढं पुरतं. दोन्ही बाजूंना २४ केलेत तर ३६ उरतात, मग खालचा ड्रॉवर उघडला की दुसरीला बाजूला व्हावं लागतं.

उत्तरेचे ९६ इंच बाल्कनीकडून असे वाटा: भांडी निथळायला १०, सिंक २१, चिरायला-मळायला मोकळी जागा २८, शेगडी २७, दाराकडे १० मोकळे. शेवटचे १० इंच कुणाला देऊ नका. दारातून येणाऱ्याचा हात किंवा ओढणी कढईच्या दांड्याला लागू नये म्हणून ते लागतात. सिंक आणि चिरायची जागा खिडकीखाली येते, उजेड तिथेच हवा असतो. शेगडी खिडकीसमोर नको. पावसाळ्यातला वारा बारीक आच विझवतो आणि गॅस चालूच राहतो.

उंचीचं गणित नीट करा. घरात घालता त्या चपला घालून उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून ५ इंच वजा करा. तुमच्यासाठी साधारण ३३ इंच येतील. सासूबाईंसाठी ३० ते ३१, म्हणून दक्षिणेचा ओटा ३० इंचांवर ठेवा. मिक्सरही तिथेच बसतो, कारण भांडं चढवल्यावर त्याची उंची बरीच वाढते. जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवणार असाल तर जवळजवळ एक इंच जमीन वर येते. मोजणी नव्या फरशीवरून धरा, जुन्या नाही.

शेगडी ओट्यावर ठेवली की बर्नर ४-५ इंच वर जातात आणि मोठ्या टोपात डाव फिरवताना खांदा उचलावा लागतो. म्हणून शेगडीचा आणि शेवटच्या १० इंचांचा मिळून ३७ इंचांचा भाग ४ इंच खाली घ्या. मात्र १४.२ किलोचा सिलिंडर रेग्युलेटरसकट त्याखाली बसणार नाही. तो शेजारच्या २८ इंचांच्या भागाखाली, उभा, थेट फरशीवर ठेवा. कपाटाच्या तळावर नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या दाराला तळाशी जाळी किंवा झडपा हव्यात आणि आत एकही विजेचा पॉइंट नको. रबरी नळी मधल्या कडप्प्याला भोक पाडून बाजूने आणा, शेगडीच्या मागून नाही. तारीख बघून ५ वर्षांनी बदला.

फ्रिज शक्य असेल तर बाहेर हॉलमध्ये, दाराला लागून. आतच हवा असेल तर दक्षिणेला बाल्कनीच्या टोकाला, सिंकसमोर, बाल्कनीचं दार बाहेर उघडत असेल तर. शेगडीच्या पाठीमागे कधीच नको. मागची हवा धरून तो २८ इंच पुढे येतो, तिथे वाट ३२ इंचच उरते, आणि तळण चालू असताना कुणी फ्रिजचं दार उघडलं तर धक्का ठरलेला.

चिमणी ६० सेंमीची पुरे, शेगडीच्या वर २६ ते ३० इंचांवर. भिंत बाहेरचीच आहे, तर ६ इंची डक्ट सरळ बाहेर काढा. ती मध्येच बारीक करू देऊ नका. बाहेर खाली तोंड केलेली टोपी लावा, नाहीतर पावसाचं पाणी मोटरवर येतं.

चिरेबंदी

मांडणीवर वरच्यांशी सहमत. मी भिंत आणि सामानाचं सांगतो.

पार्टिकल बोर्ड नको. सिंकखालच्या कपाटाच्या तळाला कुठेतरी लॅमिनेटची कड सुटते, तिथून ओल शिरते, बोर्ड फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. बिजागरीचे स्क्रूही मग धरत नाहीत. आपल्या हवेत हे लवकर होतं.

खालच्या कपाटांचे सांगाडे करूच नका. मेस्ताकडून (कारागिराकडून) कडप्प्याच्या उभ्या फळ्या लावून घ्या, वर १८-२० मिमीचा ग्रॅनाइट, आणि पुढे फक्त शटर्स. वाळवीला खायला काही उरत नाही आणि पाणी सांडलं तरी पुसून टाकता येतं. शटरला आणि वरच्या कपाटांना आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, घ्या. शिक्का प्रत्येक शीटवर बघा, नुसत्या बिलावर नाही. कापलेली प्रत्येक कड बंद हवी, बिजागरीच्या खाचेतलीही. पीव्हीसी बोर्ड सिंकखाली चांगला, पण शेगडीच्या बाजूला उष्णतेने वाकतो आणि लांब फळी वजनाने झोल खाते. बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल स्टेनलेस ३०४ चे घ्या. साध्या लोखंडावर मुलामा दिलेले पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच गंजू लागतात.

वरची कपाटं चिऱ्यावर टांगताना हमखास चूक होते. सुतार २ इंची प्लास्टिकचं गिट्टक (स्क्रू धरायची खुंटी) ठोकतो. ते निम्मं गिलाव्यात, निम्मं चिऱ्याच्या भोकसर भागात बसतं आणि डबे भरले की हळूहळू ओढलं जातं. त्याऐवजी कपाटाच्या पूर्ण लांबीची एक आडवी पट्टी घ्या, ती चिऱ्याच्या मध्यभागी (सांध्यात नव्हे) केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून घट्ट चिकटवलेल्या बोल्टने) बसवा आणि कपाट तिच्यावर टांगा. गिलाव्याच्या पलीकडे चिऱ्यात निदान ३ इंच आत जायला हवं. ड्रिल हॅमर मोडवर चालवलं तर चिऱ्याचं भोक मोठं होतं, नुसतं फिरवून पाडायचं.

पुरुमेंत दक्षिणेच्या भिंतीला ठेवा. ती आतली, म्हणून कोरडी. सोलां (आमसुलं), मिरच्या, कडधान्य आणि तांदूळ १८ इंच खोलीच्या कपाटात एका नजरेत दिसतात. २४ इंच खोल केलं की मागचा डबा पुढच्या मेपर्यंत सापडत नाही. खारं नुस्तं मात्र त्याच कपाटात नको, वास सगळ्याला लागतो. त्याला घट्ट झाकणाची बरणी आणि वेगळा कप्पा.

उत्तरेच्या कपाटांची पाठ भिंतीला चिकटवू नका, अर्धा इंच मोकळा ठेवा. भिंत पाणी पीत असेल तर आधी बाहेरून गिलावा आणि खिडकीच्या छज्जाचा उतार दुरुस्त करा. आतून रंग लावून ती ओल थांबत नाही.

आणि पॉलिश पावसात करू नका. दमट हवेत मेलामाइनचं पॉलिश पांढरट पडतं. मेस्ताला उशीर होणार असेल तर शटर्सना लॅमिनेट घ्या.

निचरा

सिंक: ३०४ स्टील, १ मिमी जाड, ९ इंच खोल, एकच मोठं भांडं. दोन छोटी भांडी घेतलीत तर कढई एकातही मावत नाही. २०२ ग्रेडवर खाऱ्या हवेत गंजाचे ठिपके येतात. तोंडाला काढता येणारी टोपली-जाळी हवीच. बांगड्याची शेपटी सहज अडते, पण खवले सरळ खाली जातात आणि वाकात साचतात. म्हणून खाली हाताने उघडणारा बॉटल ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा, बाटलीसारखा भाग), ज्याच्यापुढे कपाटाची फळी येणार नाही असा. पुढे २ इंची पाइप, दर ४ फुटांना निदान १ इंच उतार.

नुस्तं साफ करायला बाल्कनीत ३ × दीड फुटांची ग्रॅनाइटची बैठी जागा आणि नळ करा. आदोळीही (बसून नारळ खवायची विळी) तिथेच बसते. ओट्याच्या काठाला आवळायची खवणी वापरत असाल तर तिचा जबडा मोजून मगच ग्रॅनाइटची कड दुहेरी करायची की नाही ते ठरवा. काठाच्या खालून पाण्याची खाच मात्र मारून घ्या, नाहीतर ओट्यावरचं पाणी ओघळून शटरच्या वरच्या कडेत शिरतं.

फोंड्याची_सुगरण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन ओटे नक्की केले. दोन शंका: बाल्कनीत आधीच एक निचरा आहे, नळाचं पाणी त्यातच सोडलं तर चालेल ना? आणि सुतार म्हणतो आत्ताच मापं घेतो, वेळ वाचेल.

निचरा

आधी तो निचरा कुठे जातो ते बघा. बऱ्याच जुन्या इमारतींत बाल्कनीचा पाइप फक्त पावसाच्या पाण्याचा असतो आणि खाली उघड्या गटारात पडतो. त्यात माशाचं पाणी सोडलंत तर खालच्या मजल्यांना वास, वर तक्रार. बादलीभर पाण्यात नीळ कालवून ओता आणि कुणाला तरी खाली उभं करा. निळं पाणी गटारात दिसलं तर तो वापरू नका. सिंकच्या सांडपाण्याच्या लाइनला भिंतीतून जोड द्या, आणि बाल्कनीच्या बाजूला ट्रॅप घाला.

मापपट्टी

सुताराला थांबवा. तोडफोड, नळ आणि वायरिंग, सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) नळांना एक दिवस दाब ठेवून तपासणी, गिलावा आणि त्याला ७ दिवस पाणी, फरशी, कडप्पा-ग्रॅनाइट, भिंतीची टाइल, आणि त्यानंतर शटरचं माप. जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. ग्रॅनाइट बसल्यावर दोन टोकांत अर्ध्या इंचाचा फरक निघतो आणि आधी कापलेलं शटर घासतं.

वायरिंग चालू असतानाच पॉइंट ठरवा: फ्रिजला स्वतंत्र, दक्षिण ओट्यावर १६ अँपिअरचे दोन (२००० वॅटची इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढते), चिमणीला एक, पाण्याच्या फिल्टरला एक. सिंकपासून २ फुटांच्या आत एकही नको. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का तेही आत्ताच बघून घ्या, टाइल लागल्यावर भिंत पुन्हा फोडायला कुणी तयार होत नाही.