बार समोरच्या इमारतीत, झोपमोड आमची, आणि दाखला कुणाचा?

तिसरा मजला
'रात्री दीडला बार बंद करून शहराला म्हातारं करू नका, झोप मोडते त्यांनी गावाकडे राहायला जावं,' असं काल निशाचर यांनी लिहिलं. खाली शाबासक्यांची रांग लागली. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या समोर, मधे जेमतेम बारा पावलांचा रस्ता सोडला की परमिट रूम. वीस वर्षं आहे आणि तिच्याशी आमचं कधी वाजलं नाही. गच्चीवर टेबलं लागली तेव्हापासून वाजतंय. दीड ही कागदावरची वेळ. दीडला गाणी थांबतात, मग माणसं खाली येतात. गाड्या मागे घेतानाची पीं-पीं, व्हॅलेवाल्यांच्या हाका, कुणाचं तरी भांडण. अडीचच्या सुमाराला रिकाम्या बाटल्या क्रेटमधून पिंपात ओततात. काचेवर काच. माझी ८१ वर्षांची आई अंथरुणात उठून बसते आणि विचारते, "काय फुटलं गं?" रोज विचारते.

नगरसेवकांकडे गेलो, ते म्हणाले परवाना राज्य उत्पादन शुल्काचा. तिथे गेलो, ते म्हणाले गच्ची महापालिकेची. पोलीस म्हणाले आवाजाची तक्रार लिहून द्या. तिघंही खरंच बोलत होते. दारूचा परवाना उत्पादन शुल्क खात्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांचा, खानावळीचा आणि आगीचा दाखला पालिकेचा, आवाज पोलिसांचा. ज्याच्या कानात आवाज जातो त्याला विचारायचं काम कुणाचंच नाही. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं की सोसायटीच्या आवारात नवी बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचा ना-हरकत दाखला लागेल. चांगलं झालं, पण बार आमच्या आवारात नाही, समोर आहे. मग आम्ही कोण?

परवान्याचं नूतनीकरण दरवर्षी होतं. त्या वेळी शंभर मीटरच्या आतल्या घरांना नोटीस द्या आणि अकरानंतरच्या वेळेबद्दल त्यांचं म्हणणं ऐका. एवढंच मागणं आहे.

निशाचर
माझ्या पोस्टला उत्तर आहे म्हणून लिहितो. रात्री दहानंतर रहिवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहेच. ती वरातीला लागू नाही का? मंडळांच्या डीजेच्या भिंतींना? तेव्हा तुमच्या सोसायटीतून किती तक्रारी गेल्या? बार म्हटलं की सगळ्यांना नियम आठवतात. मी रात्रपाळी करतो, एक वाजता सुटतो. माणसांत बसायला मला त्याच वेळी जागा लागते. ऑक्टोबर २०२५ पासून हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी आहे, त्यातूनही दारूची ठिकाणं वगळलीच आहेत.

तिसरा मजला
वरातीची तक्रारही आम्ही केली आहे, दोनदा. पण वरात वर्षातून चार वेळा येते. हे आठवड्याचे सहा दिवस.

कॅप्टन
एकोणीस वर्षं बारच्या लाईनीत आहे. साडेदहा ते एक या वेळात आमचा अर्धा गल्ला होतो. टिप तर सगळी तेव्हाच. अकराला बंद म्हणजे दोन पोरांना घरी पाठवायचं, आणि ती पोरं कुणाच्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत राहतात.

'फक्त नोटीस' म्हणताय, पण बंद करायची किल्ली एकदा लोकांच्या हातात गेली की काय होतं ते मी भोगलंय. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश, महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नको. १ एप्रिल २०१७ ला आमच्या शटरला सील. बार शहरात, भर बाजारात, महामार्गावरून दिसतसुद्धा नव्हता. ऑगस्टपर्यंत स्पष्ट झालं की पालिका हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश आड येत नाही. तोवर मालकानं जागा विकली होती. मी चार महिने भाजीची गाडी लावली.

तिसरा मजला
तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण ते दिल्लीतून झालं, शेजाऱ्यांनी केलं नाही. माझं म्हणणं तेच आहे. निर्णय लांबून झाला की असाच होतो, तुमच्याही बाबतीत आणि माझ्याही. आणि गच्चीचं म्हणाल तर मुंबईतल्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबची आग २०१७ च्या डिसेंबरातलीच. १४ माणसं गेली.

सातबारा
ताई, शहरात तुम्ही नोटीस मागताय. आमच्या गावात दारूच्या दुकानावर मतदान झालं, त्याचं ऐका. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू.

सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे आधी पंचवीस टक्के बायकांच्या सह्या. पडताळणीला साहेब आले तेव्हा दुकानदाराचा भाऊ समोरच्या पारावर बसून होता. तरी बायका आल्या. मतदानाला तर लेकरं काखेत घेऊन आल्या. पेटीत आडव्या बाटलीच्या चिठ्ठ्यांचा ढीग आणि उभीला मूठभर. तरी दुकान चालूच राहिलं. कारण यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आलेल्यांच्या नाही, यादीतल्या. आम्ही बारा मतांनी हरलो.

यादीत कोण होतं? लग्न होऊन गेलेल्या लेकी, ऊसतोडीला गेलेल्या, आणि मेलेल्या. ज्या आल्या नाहीत त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या.

हिशेबनीस
भावना समजतात, पण नियम चुकीचा नाही. परवानाधारकानं फी भरली आहे, पैसा गुंतवला आहे. तो परवाना काढून घ्यायचा तर गावातल्या खऱ्या बहुमतानं काढावा. थोडे लोक आले आणि त्यांनी दुकान बंद केलं, हे उद्या कुणाच्याही धंद्याबाबत होईल.

सातबारा
हाच हिशेब आमदाराला लावा. यादीतल्या निम्म्यांची मतं मिळाल्याशिवाय निवडून यायचं नाही म्हणा. किती जण विधानसभेत बसतील? त्यांना आलेल्यांतली जास्त मतं पुरतात आणि बायकांना यादी पुरी करायला सांगता?

वर्धेकर
आमच्या जिल्ह्यात दारूबंदी सत्तरच्या दशकापासून आहे. मिळत नाही असं गाव दाखवा. शेजारी चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. मधल्या काळात दप्तरातून पव्वे नेणारी पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. बाटली आडवी करा नाहीतर उभी, धंदा मागच्या दारानं होतोच.

सातबारा
मागच्या दारी जायला माणसाला लाज वाटते. पुढचं दार शाळेच्या वाटेवर असतं. तो फरक तुम्हाला कळणार नाही, कारण त्या वाटेवरून नवऱ्याला उचलून तुम्ही आणला नाहीत.

वर्धेकर
मी बापाला आणलाय. कृपया मला शिकवू नका.

निशाचर
विषय रात्रीच्या वेळेचा होता. जिल्हाबंदीवर कुठे पोचलो?

तिसरा मजला
तुमच्याच 'गावाकडे जा'वरून पोचलो. गावाकडे काय चाललंय ते त्यांनी सांगितलं. बंदी मी मागितलेली नाही, पुन्हा सांगते.

कॅप्टन
बाटल्यांचं मान्य आहे. अडीचला ओतायची काहीच गरज नाही, पोरांना लवकर घरी जायचं असतं म्हणून उरकतात. आमच्याकडे उद्यापासून क्रेट आत राहतील, सकाळी दहाला टेम्पो आला की काढू. नोटिशीचंही एक वेळ चालेल, माणसं समोर बसून बोलतील. मतदान मात्र नको. एका सोसायटीच्या रागावर चौदा जणांची चूल ठरू नये.

तिसरा मजला
समोर बसवा, मी येते. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्याआधी अर्ज देतेय, बारा घरांच्या सह्या झाल्या आहेत. बारचं नाव आणि गच्चीची वेळ एवढंच लिहिलंय, बंद करा असं कुठेही नाही.

हिशेबनीस
सातबारा, आमदाराच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, ते सोडतो. पण पुढच्या वेळी सह्यांच्या आधी यादी साफ करा. मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं काढायला नमुना ७ चा अर्ज असतो. यादी आखडली की निम्मंही आखडतं.

सातबारा
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. माझ्या सासूचं नाव अजून यादीत आहे. मतदानाच्या आदल्या वर्षी गेली. नवऱ्याच्या दारूपायी तिचा जन्म गेला आणि मोजताना ती उभ्या बाटलीकडे धरली गेली. मृत्यूचा दाखला ट्रंकेत आहे. सोमवारी तिच्यापासून सुरुवात करते.