शिंकताना, खोकताना लघवी सुटणं आणि केगलचे व्यायाम : तुमचे अनुभव सांगा

मी ६३ वर्षांची आहे. चार वर्षं मी शिंक येतेय असं वाटलं की आधी पाय एकमेकांवर आवळून उभी राहायचे आणि मग शिंकायचे. घरात कुणाला पत्ता नव्हता. गडद रंगाचेच कपडे वापरायचे, बाहेर निघायच्या दोन तास आधीपासून पाणी बंद, आणि कुठेही गेले की पहिल्यांदा बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवायचे. ‘वय झालं, चालायचंच’ असं स्वतःला इतक्यांदा समजावलं होतं की डॉक्टरांना विचारायचं सुचलंच नाही. शेवटी बीपीच्या गोळ्या लिहून घेऊन निघाले होते, ती दारातून परत वळून विचारलं. त्यांनी तपासलं आणि केगल, म्हणजे लघवी धरून ठेवणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम, शिकायला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आज पाच महिने झाले. खोकताना आता काही होत नाही. भरभर जिना उतरताना मात्र अजून एखादा थेंब जातो.

तुमच्यापैकी कुणी हे व्यायाम केलेत का? जमले असतील तर सांगा, जमले नसतील तरी सांगा. आपण बायका बाळंतपणाचं सगळं एकमेकींना सांगतो, पण हे सांगत नाही.

*

ताई, मी वर्षभर केगल केलं आणि वर्षभर चुकीचं केलं. वाचून वाचून शिकले होते. श्वास रोखायचे, मांड्या आणि नितंब आवळायचे, पोट आत ओढायचे, आणि वाटायचं की झाला व्यायाम! मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी उताणं झोपवून, गुडघे वाकवायला लावून, हातमोजा घालून आतून तपासलं. “आवळा” म्हणाल्या. मी आवळलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही माझं बोट बाहेर ढकलताय. आत, वर ओढून घ्यायचं आहे.” म्हणजे वर्षभर मी त्या स्नायूंवर उलटा जोरच देत होते.

त्यांनी दिलेली खूण सांगते. चारचौघांत बसलेलो असताना वारा सरू नये म्हणून मागचं द्वार आपण कसं आवळून धरतो, तिथून सुरुवात करायची. तेच आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणायचं आणि वर उचलायचं. एक हात पोटावर ठेवायचा, तो हलता कामा नये. श्वास चालू. पहिल्या दिवशी मला मोजून तीन सेकंद धरता आलं, चौथ्याला आपोआप सुटलं. मग तीन सेकंदांचीच पाच आवर्तनं सुरू केली. आता आठ सेकंद धरते, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडते, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सैल सोडण्याकडे दुर्लक्ष करू नका. मी आधी घाईघाईत आवळतच राहायचे, तेव्हा स्नायू दमून जायचे.

*

मी निवृत्त परिचारिका आहे, वय ६७. वरच्या ताईंनी लिहिलंय ते अगदी खरं आहे. हे स्नायू पुढच्या ओटीच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, सगळं या झोळीवर तोललेलं असतं. बाळंतपणं, पाळी जाणं, जुनाट खोकला, बद्धकोष्ठात कुंथणं, वाढलेलं वजन, या सगळ्यांनी ती सैल पडते. खोकताना पोटातला दाब एकदम खाली येतो आणि झोळीनं वेळेवर साथ दिली नाही की लघवी सुटते. डॉ. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये या व्यायामावर लिहिलं, म्हणून त्यांचं नाव पडलं.

एक कळकळीची विनंती. लघवी करताना धार मध्येच अडवून रोज व्यायाम करू नका. कुठला स्नायू ते ओळखायला एखाद्या वेळी ठीक आहे, पण सवय लावली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. आणि लघवीत रक्त दिसलं, जळजळ होत असली, लघवी अडकत असली किंवा अचानकच सुटायला लागली असली, तर व्यायाम करून वाट बघत बसू नका. आधी डॉक्टर.

*

माझा त्रास वेगळा. खोकताना काही नाही, पण दाराच्या कुलपात किल्ली घातली की इतक्या जोरात लागायची की आत पोचेपर्यंत कपडे ओले. ‘जाऊन आलेलं बरं’ म्हणून मी सारखी जायचे. तीन दिवस वहीत लिहून ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा कळलं की मी दिवसभरात चौदा वेळा जातेय, आणि दर वेळी जेमतेम अर्धा कप!

मला शिकवलं ते असं : जोराची लागली की धावायचं नाही. आहे तिथे थांबायचं, जमलं तर बसायचं, पाच-सहा वेळा पटापट आवळायचं-सोडायचं. कळ ओसरते. ओसरली की शांतपणे चालत जायचं. पहिल्यांदा यावर माझा विश्वासच बसला नाही. दोन खेपांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेलं. चहा-कॉफी कमी केली. पाणी तोडलं नाही, कारण पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होऊन जास्तच टोचते. दोन महिन्यांनी दिवसाला आठवर आले.

*

मला व्यायामाने फरक पडला नाही, तेही लिहिते. वय ७०. चार महिने मन लावून केलं. नंतर तपासणीत कळलं की अंग बरंच खाली उतरलंय. डॉक्टरांनी योनिमार्गात ठेवायची रिंग बसवून दिली आणि सोबत इस्ट्रोजेनचं मलम दिलं. आता बरी आहे. व्यायाम चालू आहेत, पण नुसत्या व्यायामावर अडून बसले असते तर अजून त्रास काढला असता.

*

आईबद्दल लिहिते, ती ८१ वर्षांची आहे. तिचे स्नायू बरे होते, गुडघे नव्हते. लागली की उठेपर्यंतच उशीर व्हायचा. खुर्चीची उंची वाढवली, बाथरूमपर्यंत धरायला कठडा लावला, रात्री दिवा चालू ठेवला, आणि लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांना विचारून संध्याकाळऐवजी सकाळी द्यायला लागलो. निम्मा त्रास तिथेच गेला. व्यायाम ती खुर्चीत बसूनच करते, मी शेजारी बसून आकडे मोजते.

*

सगळ्यांनी इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मी दोनदा वाचलं. माझा एक प्रश्न : बरं वाटल्यावर सोडून दिलं तर परत येतं का?

*

येतं, ताई. मी तीन महिन्यांनी बरी झाले आणि सोडलं. काही महिन्यांतच जड पिशवी उचलताना पुन्हा गळायला लागलं. परत धरलं, दीड महिन्यात आटोक्यात आलं. आता सकाळी दात घासताना उभ्यानेच करते आणि खोकायच्या, शिंकायच्या, वजन उचलायच्या आधी क्षणभर आवळून घेते. हे शेवटचं आता हाडीमाशी खिळलंय, शिंक यायच्या आत आपोआप होतं.