चालण्याने वजनाखेरीज काय बदलले?

चालायला सुरुवात केलेली बहुतेक मंडळी महिन्याभराने वजनकाट्यावर उभी राहतात, काटा जागचा हललेला नाही हे पाहून हिरमुसतात आणि बूट पुन्हा कपाटात जातात. अर्धा तास भरभर चालण्याने जेमतेम सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात आणि परतीच्या वाटेवरच्या एका वडापावात त्या भरून वर उरतात, तेव्हा या अपेक्षाभंगात नवल काहीच नाही. म्हणून किमान सहा महिने नियमित चालणाऱ्यांना विनंती आहे, की वजनाचा विषय बाजूला ठेवून शरीरात दुसरे काय बदलले ते आपापल्या अनुभवातून लिहावे.

सुरुवात मीच करतो. वय ५२, मुक्काम पुणे, मधुमेह सहा वर्षांपासून. सकाळी टेकडीवर जाण्याचे संकल्प दर जानेवारीत केले आणि फेब्रुवारीत मोडले. अखेर आजोबा जी शतपावली घालत असत, तीच रात्रीच्या जेवणानंतर २० मिनिटे सोसायटीच्या आवारात घालू लागलो. औषधे तीच, जेवणही जवळपास तेच. तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसीचा आकडा सहा महिन्यांत ७.४ वरून ६.८ वर आला. डॉक्टरांनी याचे कारण असे सांगितले, की मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावताना इन्शुलिनवर फारसे अवलंबून न राहता रक्तातील ग्लुकोज ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतर साखर चढू लागते नेमक्या त्याच वेळी चाललेले अधिक उपयोगी पडते. वजन किती उतरले, तर ८०० ग्रॅम.

कोल्हापूरहून एका निवृत्त शिक्षिकेचा अनुभव : गुडघे झिजले आहेत असे निदान झाल्यावर मी दोन वर्षे चालणे जवळजवळ बंद केले होते, आणि त्या दोन वर्षांतच गुडघे सर्वांत जास्त दुखले. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळते, हे फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावून सांगितले तेव्हा माझी भीती गेली. त्यांनी आधी सहा आठवडे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करवून घेतले आणि मगच चालायला परवानगी दिली. आता रोज रंकाळ्याच्या काठाने ३५ मिनिटे चालते. झीज भरून आलेली नाही आणि जिने उतरताना आजही कठडा धरावा लागतो. परंतु सकाळी उठल्यावर जो आखडलेपणा अर्धा तास जात नसे, तो आता चहा होईपर्यंत सुटतो.

मी मुंबईत दुमजली बसवर वाहक होतो. दिवसभर वरखाली चढउतार करावी लागे आणि त्याचा मनस्वी कंटाळा येई. निवृत्तीनंतर दोन वर्षांत रक्तदाब १५४ वर गेला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी जेरी मॉरिस यांच्या १९५३ सालच्या लंडनमधील अभ्यासाची गोष्ट सांगितली. तिथल्या दुमजली बसगाड्यांवर बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यात आढळले होते. ज्या जिन्याला तीस वर्षे शिव्या दिल्या, तोच मला सांभाळत होता म्हणायचा! आता रोज शिवाजी पार्कला पाऊण तास फेऱ्या मारतो. एका गोळीसह दाब १३२च्या आसपास असतो. गोळी सुटलेली नाही आणि सुटावी असा हट्टही नाही.

माझा अनुभव थोडा उलटा आहे. मनगटावरच्या घड्याळाने रोज १०,००० पावलांचे लक्ष्य दिले आणि मी पहिल्याच आठवड्यापासून ते पुरे करत सुटलो. तिसऱ्या आठवड्यात टाच अशी धरली, की सकाळचे पहिले पाऊल टेकवताना डोळ्यांत पाणी येई. हा १०,०००चा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला, हे नंतर वाचले आणि स्वतःचाच राग आला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, ती गती मध्यम समजावी. आता आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, त्याच गतीने. टाच बरी आहे, आणि रात्री दोन वाजेपर्यंत छताकडे पाहत पडण्याची सवय कधी सुटली ते कळलेही नाही.

नागपूरकरांसाठी एवढेच, की मे महिन्यात पहाटे साडेपाचनंतर बाहेर पडण्यात अर्थ नाही. आम्ही दोघे तेव्हा घरातच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतो.

पुण्याच्या दादांच्या शतपावलीला एक पुरवणी जोडतो. मीही मधुमेही आहे, मात्र इन्शुलिन घेतो. एकदा संध्याकाळी रिकाम्या पोटी तासभर चाललो, दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्याने बाकावर बसवून पेलाभर उसाचा रस पाजला. इन्शुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालण्याची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. तेव्हापासून माझ्या खिशात ग्लुकोजच्या चार गोळ्या असतात. त्यांतल्या दोन नातू पळवतो असे ध्यानात आल्यापासून सहा ठेवतो.