मदत हवी आहे : वर्गात गप्प, मोबाइलवर इंग्रजी!

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते, गाव लहान आहे. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी माझी मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत. घरी मात्र आईचा फोन घेऊन तासभर बसतात.

परवा एका मुलीच्या घरी गेले होते. ती ओट्यावर कानात इअरफोन घालून ‘व्हेजिटेबल’ म्हणत होती. ‘व्हेजी-टेबल’, पुन्हा ‘व्हेजी-टेबल’, मग एकदाचं ‘व्हेज्-टबल’. विचारलं तर म्हणाली, “बाई, फोन हसत नाही.” घशात आवंढाच आला माझ्या.

चिडवणारं कुणी नाही, हवं तितक्यांदा ऐकता येतं, क्लासची फी नाही. कारणं कळतात मला. पण ही हिंमत वर्गात कशी आणायची? कुणी काही करून पाहिलं असेल तर सविस्तर सांगा.

दुसरं, ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर मुलं हिंदीतून इंग्रजी शिकतात, त्यात अडखळतात. गूगलचं रीड अलाँग ॲप ऑफलाइन चालतं, पण ते वाचनापुरतं. मराठीतून समजावणारं, बोलायचा सराव देणारं आणि कमी डेटात चालणारं काही वापरलंय का कुणी? घरात फोन एकच असतो, तोही संध्याकाळीच मिळतो.