शब्दचर्चा: ‘स्लो लिव्हिंग’ला घरातला शब्द कोणता? निवांत, सावकाश, सवड

(खानदेशातल्या मंडळींची चर्चा; प्रत्येकाच्या नावाऐवजी गाव दिलं आहे.)

चोपडा (प्रश्न)
हल्ली ‘स्लो लिव्हिंग’साठी ‘संथ जीवनशैली’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ते कानाला खटकतं. घरातली धावपळ कमी करून रोजची कामं जरा दमानं करायची, एवढाच अर्थ हवा आहे. यावर लेख लिहिते आहे, त्यासाठी बोलण्यातला शब्द कोणता?

धुळे
खटकतं ते बरोबरच आहे. ‘संथ’ पाण्याला शोभतो. माणसाला लावला की त्यात नावं ठेवणं येतं: ‘फार संथ आहे हो तो.’ ‘मंद’ त्याहून वाईट, माणसाच्या बाबतीत तो थेट बुद्धीवर जातो, चुलीच्या आचेला मात्र गुणाचा. ‘निवांत’मध्ये दोष नाही. ‘निवांत बसलाय’ आणि ‘सुस्त बसलाय’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

अहिराणीत ‘उलसा दम धर’ म्हणतात, म्हणजे थोडा धीर धर. ‘दम’ फारसीतून आला, मूळ अर्थ श्वास. त्याच्याबरोबरचं क्रियापद सांभाळायला हवं. दम धरणं म्हणजे वाट पाहणं, दम खाणं म्हणजे विसावा घेणं आणि दम देणं म्हणजे धमकावणं. घरात पहिले दोन वाढले की तिसरा आपोआप कमी होतो.

अमळनेर
क्रियापदांचाच मुद्दा पुढे नेतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

‘उसंत’ मिळते किंवा मिळत नाही, आणि बहुतेक वेळा नकारातच येते: ‘क्षणाची उसंत नाही.’ ‘फुरसत’ अरबीतून फारसीमार्गे आली. तीही असते किंवा नसते, आपल्या हातात काही नाही. ‘सवड’ मात्र काढतात. ‘उसंत काढली’ असं कोणी म्हणत नाही, ‘सवड काढून ये’ रोज म्हणतो. सवडीचा जुना अर्थ जागा, मोकळीक असाही आहे. ‘सावकाश’ची फोडही तशीच: स + अवकाश, म्हणजे जागा ठेवून. मराठीत हळू चालण्यापेक्षा दोन कामांच्या मध्ये जागा सोडण्याला महत्त्व आहे.

घरात हे करायचं तर एका कामाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला चिकटवू नये. मध्ये 10-15 मिनिटं खरोखर रिकामी सोडावीत. बहुतेकांचं इथेच चुकतं: कामं तितकीच ठेवून प्रत्येक काम हळू करायला जातात, मग रात्री 11 ला भांडी घासत बसतात. आधी एखादं काम यादीतून काढावं लागतं. सवड ‘काढणं’ ते हेच.

यावल
एक शब्द उलट्या बाजूचा. ‘उरकणे’. अंघोळ उरक, जेवण उरक, अभ्यास उरक. ‘जेवण झालं’ आणि ‘जेवण उरकलं’ ही दोन वेगळी जेवणं आहेत. आठवडाभर घरात हे क्रियापद कितीदा येतं ते मोजा.

जेवणाला आपल्याकडे शब्द तयारच आहे. पंगतीत यजमान हात जोडून म्हणतो, ‘सावकाश होऊ द्या.’ घरच्या ताटावर हे कोणी म्हणत नाही. आणि म्हटलं तरी गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात हवी असेल तर चुलीपाशी एक जण उभाच राहणार. त्या माणसाचं जेवण सावकाश कसं होणार? बहुधा ती बाईच असते, हे मुद्दाम लिहिते.

म्हणून निदान रविवारी वरणबट्टी. बट्टी आधी होते आणि सगळे एकदम ताटावर बसतात. प्रमाण: जाडसर दळलेल्या गव्हाचं पीठ 4 वाट्या, मक्याचं जाडसर पीठ 1 वाटी, अर्धी वाटी तेलाचं मोहन, ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. पीठ सैल झालं तर बट्टी चिवट होते आणि तेल पिते. मुटके करून 20 ते 25 मिनिटं वाफवायचे, मधोमध सुरी घातली की कोरडी निघाली पाहिजे. मग तासभर निवू द्यायचे. घाई होते ती नेमकी इथे. गरम असताना कापले तर आतून चिकट राहतात, कडा भुरभुरतात आणि तो भुगा कढईत जळून तेल काळं पडतं. पूर्ण निवल्यावर फोडी स्वच्छ पडतात. मध्यम आचेवर तांबूस तळायच्या, चुरून वर तुरीचं वरण आणि तूप, बाजूला वांग्याची भाजी. फोडी जेवायच्या आधी तळून ठेवल्या तरी चालतात, म्हणजे तळणारीलाही बसता येतं.

धुळे
‘निवू द्यायचे’ हा इथला सगळ्यात चांगला शब्द निघाला. निवणे हे संस्कृतातल्या निर्वा धातूकडून येतं, ‘निर्वाण’ही त्याच घरचा. विझणं, थंडावणं. ‘जीव निवला’ म्हणतो तेही त्यातूनच. संस्कृतात ‘निवात’ म्हणजे वारा नसलेला, गीतेच्या सहाव्या अध्यायात निवात जागेतला न हलणारा दिवा आहे तो. ‘निवांत’ बोलताना तो दिवा मला डोळ्यांपुढे दिसतो.

भुसावळ
उन्हाळ्याचा एक शब्द राहिला: वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडं पडणं, एवढंच. 20-25 मिनिटं. दोन तास झोपलात तर ती वामकुक्षी नाही, ते ताणून देणं झालं. उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोपही मोडते. मे महिन्यात इकडे पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा बाहेरची कामं सकाळी 11 च्या आत ठेवणं ही चैन म्हणता येणार नाही.

शिरपूर
आखाजीचं नाव अजून कोणी घेतलं नाही, आश्चर्य आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. खरिपाच्या आधी शेत रिकामं, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) साल आखाजी ते आखाजी मोजतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. ‘माहेरपण’ हा शब्द या चर्चेत हवाच. त्यात नुसती विश्रांती नाही, आपल्याला कोणी काम सांगणार नाही ही खात्री आहे.

पण एक बघा. लेक झोक्यावर असते तेव्हा तिची भावजय चुलीपाशी असते. तिची सवड कोण काढणार?

चोपडा
मग माझ्यापुरतं ठरलं. शीर्षकात ‘निवांत’, आत सगळीकडे ‘सवड काढणं’. ‘संथ’ खोडला. आणि शिरपूरचा प्रश्न जसाच्या तसा लेखात घेते. आखाजीला सकाळचा स्वयंपाक पुरुषांनी करावा असं त्याखाली लिहिणार आहे, वरच्या बट्टीच्या प्रमाणासकट.